शरण म्हणजे घर

बडोदे शहरात १९१७ साली घडलेली ही घटना. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी परतलेला एक तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तेथे पोहोचला. संस्थानच्या शिष्यवृत्तीची ती अटच होती. विद्या होती, नोकरीही होती. नव्हते ते डोक्यावर छप्पर. हिंदूंच्या खाणावळीत जात आडवी येणार हे ठाऊक असल्याने त्याने एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली, तीही पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी हे गुपित फुटले. काठ्या घेतलेला जमाव दाराशी येऊन उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचे फर्मान सुटले. शहरात ओळखीचे दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी पुढे केल्या. अखेर मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो तरुण तेथील कमाटी बागेत बसून राहिला.

हा तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या छोटेखानी आत्मपर लेखनात त्यांनी स्वतःच हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्यानंतर ३९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी त्रिशरण ग्रहण केले. बागेतल्या त्या संध्याकाळपासून नागपूरच्या त्या सकाळपर्यंतचे अंतर समजून घ्यायचे, तर 'शरण' या एका शब्दाचा मागोवा घ्यावा लागतो. माणूस आसरा का मागतो, कोणाकडे मागतो, आणि मिळालेला आसरा त्याचे काय करतो, हे प्रश्न त्या शब्दात दडलेले आहेत.

घराचा झाला पराभव

आजच्या मराठीत 'शरण' या शब्दाला पराभवाची छटा आहे. आरोपी पोलिसांना शरण येतो, वेढा पडलेले सैन्य शरणागती पत्करते, हट्टी माणूस परिस्थितीला शरण जातो. शस्त्र टाकणे, मान तुकवणे, हार मान्य करणे असाच अर्थ प्रथम मनात येतो. मुळात मात्र हा शब्द असा नव्हता. अमरकोशाने त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक घर आणि दुसरा रक्षण करणारा. म्हणजे शरण जाणे याचा जुना अर्थ घरात येणे, छपराखाली येणे असा होतो. हरण्याचा भाव त्यात पुढे मिसळला.

मराठीत या अर्थाचे इतरही शब्द आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. निवारा ऊन-पावसापासून मिळतो. आसरा तात्पुरता असतो. आश्रय देणारा वरच्या पायरीवर असतो. कवी-कलावंतांच्या बाबतीत म्हणूनच आपण राजाश्रय आणि लोकाश्रय असे शब्द वापरतो. 'थारा' हा शब्द तर बहुतेक वेळा नकारासोबतच ऐकू येतो; कोणाला थारा दिला, असे आपण क्वचितच म्हणतो, थारा दिला नाही असे मात्र सहज म्हणतो. आसरा नाकारला जाण्याचा अनुभव किती सार्वत्रिक आहे, हे भाषेच्या या सवयीवरूनही दिसते.

या साऱ्या आश्रयांना लावता येतील अशा तीन कसोट्या आहेत. दार कोणासाठी उघडते? आत आल्यावर काय किंमत मागितली जाते? आणि तेथून बाहेर पडणारा माणूस ताठ उभा असतो की अधिकच वाकलेला? राजाचा दरबार असो, विधवांचा आश्रम असो, देवाचे मंदिर असो वा एखादे पुस्तक असो, या तीन प्रश्नांतून कोणाचीच सुटका नाही.

देणाऱ्याची परीक्षा

आपल्या प्राचीन कथांमध्ये शरणागताचे प्रसंग पुष्कळ आहेत. त्यांत खरी परीक्षा होते ती देणाऱ्याची. रावणाचा भाऊ बिभीषण रामाच्या छावणीशी येऊन उभा राहतो, तेव्हा सुग्रीव त्याला आत घेण्यास विरोध करतो. शत्रूचा भाऊ, राक्षस, ऐन युद्धाच्या तोंडावर आलेला. संशय यावा अशीच सारी परिस्थिती. राजकारणाच्या दृष्टीने सुग्रीवाचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरीही राम बिभीषणाला अभय देतो आणि दाखला म्हणून एका कबुतराची गोष्ट सांगतो. आपल्या जोडीदाराला मारणारा पारधीच दाराशी आला असता त्या कबुतराने स्वतःचे मांस देऊन त्याचा पाहुणचार केला होता. महाभारतातील शिबी राजाची कथा याहून अवघड आहे. ससाण्यापासून वाचण्यासाठी कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न आहे. त्याला वाचवून तू मला उपाशी मारतो आहेस. राजाला त्याचे म्हणणे खोडता येत नाही. तो कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून देतो. आसरा फुकट देता येत नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते आणि ती देणाऱ्याने मोजायची असते, हे या कथेचे सांगणे आहे.

इतिहासात मात्र किंमत बहुधा मागणाऱ्यालाच मोजावी लागते. इराणमधून समुद्रमार्गे आलेले झरथुष्ट्राचे अनुयायी गुजरातच्या किनाऱ्यावरील संजाण येथे उतरले. त्यांची कहाणी सांगणारे 'किस्सा-ए-संजाण' हे फार्सी काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस नवसारीच्या एका पारशी धर्मगुरूने लिहिले. त्यानुसार तेथील राजाने आसरा देण्यापूर्वी अटी घातल्या. आपला धर्म समजावून सांगावा, येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवावीत आणि लग्ने संध्याकाळी लावावीत. दुधात साखर विरघळावी तसे आम्ही राहू, ही सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट या मूळ काव्यात नाही. ती लोकपरंपरेतून आली. म्हणजे लोकांच्या स्मरणात साखर राहिली आणि अटी मागे पडल्या. अटी घातल्या तरी त्या राजाने नव्या पाहुण्यांचा धर्म काढून घेतला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याच समाजातील काहींनी बडोद्यात एका तरुणाला काठीच्या धाकाने बाहेर काढले. एकेकाळी आसरा मिळाला म्हणून तो पुढे दुसऱ्याला दिलाच जातो असे नाही, हा या दोन प्रसंगांचा कटू धडा आहे. येथे दोष एकट्या समाजाचाही नव्हता. त्याच दिवशी हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांची दारेही बंदच राहिली होती.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली, सायबेरिया आणि मध्य आशियातील हालअपेष्टा सोसून इराणमार्गे आलेली ही माणसे होती. त्यांत स्त्रिया आणि मुलांचा भरणा अधिक. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश नागरिक येथे राहिले. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनास्थळ होते, नाटके होत होती. त्यांना कोणी मराठी बोलण्याची सक्ती केली नाही की धर्म विचारला नाही. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. वयाची ऐंशी ओलांडलेली, बालपण वळिवड्यात गेलेली पोलिश माणसे अलीकडच्या काळातही कोल्हापूरला भेट देऊन गेली. आसरा पाच वर्षांचा होता, आठवण मात्र आयुष्यभराची ठरली.

मागण्याचा हक्क

आधुनिक जगाने या प्रश्नाला कायद्याची चौकट दिली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्यातील १४वे कलम छळापासून वाचण्यासाठी अन्य देशात आश्रय मागण्याचा आणि त्याचा लाभ घेण्याचा हक्क मान्य करते. शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मागण्याचा हक्क आहे. परंतु तो दिलाच पाहिजे असे बंधन या कलमाने कोणत्याही देशावर घातलेले नाही. १९५१चा निर्वासितविषयक करार आणि त्याला १९६७ मध्ये जोडला गेलेला मसुदा यांनी एक पाऊल पुढे टाकले. जेथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे निर्वासिताला परत पाठवू नये, हे त्यातील प्रमुख तत्त्व. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. तरीही १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यासोबत आलेल्या तिबेटींना येथे आश्रय मिळाला. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेचे २१वे कलम, म्हणजे जीविताचा हक्क, नागरिक नसलेल्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. थोडक्यात, आपल्याकडे आश्रय मिळतो तो बव्हंशी सरकारच्या धोरणावर आणि प्रसंगी न्यायालयाच्या आधारावर. तो कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही.

आश्रमाची अट

सीमेपलीकडून आलेल्यालाच आसरा लागतो असे नाही. अनेकांना तो स्वतःच्या घरापासूनच हवा असतो. पुण्यात १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेला दिवस गेले की एकतर आत्महत्या किंवा जन्मलेल्या जिवाची हत्या, असे दोनच मार्ग समाजाने ठेवले होते. फुले दांपत्याने तिसरा मार्ग उघडला. येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल न्यायचे की ठेवायचे हे त्या स्त्रीनेच ठरवावे. तिच्या अपराधाची चौकशी नाही, प्रायश्चित्ताची अट नाही. या घरात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा हडपसरजवळ त्याने रुग्णांवर उपचार केले आणि त्याच कामात रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले. आसऱ्याच्या घरात जन्मलेला मुलगा स्वतः इतरांचा आसरा झाला. तिसऱ्या कसोटीला उतरणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात हलवलेली ही संस्था उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देण्यासाठी होती. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये असताना १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक तिच्या सल्लागार मंडळावर होते. १८९३ मध्ये काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, सुधारक मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की आपल्या खोलीचे दार आपण बंद करत नाही आणि कोणाला बोलावतही नाही. वादाची एक बाजू आजही विचार करायला लावते. ज्याच्याकडे जाण्यासारखे दुसरे ठिकाणच नाही, त्याची निवड कितपत मोकळी म्हणायची? परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुली काढून नेणाऱ्यांनी त्या विधवांना त्याच घरांत परत नेले, जेथून त्या सुटून आल्या होत्या. आश्रमाच्या अटीवर मोठी चर्चा झाली. त्या घरांच्या अटींवर मात्र फारशी झाली नाही.

शंभराहून अधिक वर्षांनंतर कायद्याने ही दुसरी बाजू हाती घेतली. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५च्या कायद्यात निवारागृहाची तरतूद आहेच; पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्याने स्त्रीला राहत्या घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्क दिला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. २०२०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचे घरही, ती तेथे नांदत असेल तर, या हक्कात येऊ शकते असे सांगितले. पीडितेने घर सोडून आसरा शोधत फिरावे, याऐवजी तिचे घर हाच तिचा आसरा व्हावा, हा त्यामागील विचार.

देवाचे दार

धर्माच्या क्षेत्रात शरणागती हा तर साधनेचा राजमार्ग मानला गेला. रामानुजाचार्यांच्या परंपरेत तिला प्रपत्ती म्हणतात. या परंपरेत पुढे एक मनोरंजक वाद झाला. माकडिणीचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते. मांजरीच्या पिल्लाला मात्र आईच तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा? एका पंथाने माकडाच्या पिल्लाचा दाखला दिला, म्हणजे शरण जाणाऱ्यानेही काही प्रयत्न केला पाहिजे. दुसऱ्याने मांजरीच्या पिल्लाचा दिला, म्हणजे सारा भार देवावर. वरवर विनोदी वाटणाऱ्या या दृष्टांतात आश्रयाचा मूळ प्रश्न आहे. शरण गेलेला माणूस निव्वळ वाहून नेला जातो, की त्याच्या हातांनाही काही काम उरते?

बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांभोवती जमलेले लोक स्वतःला 'शरण' म्हणवत. त्यांत चांभार होते, नावाडी होते, परीट होते, ब्राह्मणही होते. तेथे शरण असणे म्हणजे आपापले काम प्रामाणिकपणे करणे आणि कमाई वाटून खाणे. ब्राह्मण आणि चांभार घराण्यांतील मुलामुलीचे लग्न लावल्यावरून राजसत्तेने केलेल्या छळात हे शरण देशोधडीला लागले, असे परंपरा सांगते. इतरांना आसरा देणारी ती वस्ती स्वतःच निराश्रित झाली.

महाराष्ट्रातील संतांनी या नात्याला दिलेले नाव मात्र खास मराठी आहे. पंढरपूरला त्यांनी माहेर म्हटले. माहेरी आलेल्या लेकीला का आलीस असे विचारत नाहीत. तिच्याकडून काही मागत नाहीत. आणि चार दिवस विसावून ती पुन्हा आपल्या संसारात परतते. वारकरीही तसाच आषाढीला जातो आणि परतून पेरणीच्या, निंदणीच्या कामाला लागतो. तिन्ही कसोट्या या एका शब्दात बसतात.

पण या माहेराचे दारही साऱ्या लेकरांसाठी उघडे नव्हते. संत चोखामेळा विठ्ठलाचे निस्सीम भक्त. जातीमुळे त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, बाहेर आहे. सहाशे वर्षांनंतरही ही स्थिती बदलली नव्हती. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले होण्यास मे १९४७ उजाडला आणि त्यासाठी साने गुरुजींना सुमारे दहा दिवस उपोषण करावे लागले. देवाला शरण जाण्याचा उपदेश साऱ्यांना होता, देवाच्या दाराशी मात्र माणसांचा पहारा होता.

पुस्तकाचे छप्पर

साने गुरुजींचेच आणखी एक उदाहरण साहित्याच्या आश्रयाकडे घेऊन जाते. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत लिहिले. आई जाऊन बरीच वर्षे लोटली होती, भोवती तुरुंगाच्या भिंती होत्या; लेखणीने त्यांना पालगडच्या घरात नेले.

असे साहित्य म्हणजे पळवाट, हा आक्षेप जुना आहे. मराठी समीक्षेतही 'पलायनवादी' ही शेलकी शिवी आहे. इंग्रजी लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात याला उत्तर दिले. तुरुंगातून निसटणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा शिपाई यांच्यात टीकाकार गल्लत करतात, असे त्यांचे म्हणणे. कैद्याने बाहेरच्या जगाचा विचार केला, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

चौदाव्या शतकातील इटालियन लेखक बोकाचिओचा 'डेकॅमेरॉन' हा कथासंग्रह १३४८च्या प्लेगच्या पार्श्वभूमीवर घडतो. सात तरुणी आणि तीन तरुण फ्लॉरेन्स शहर सोडून गावाबाहेरच्या वाड्यांत राहतात आणि दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. वाचक अनेकदा विसरतात ती गोष्ट शेवटी आहे. साथ संपलेली नसतानाही ते दहाजण शहरात परततात. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, जगभर या पुस्तकाची पुन्हा आठवण निघाली, तीही याच कारणाने.

साहित्याच्या आश्रयाला मर्यादाही आहे. ॲन फ्रँक आणि तिच्यासह सात जण जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात अॅमस्टरडॅममधील एका कचेरीच्या मागील भागात नाझींपासून लपून राहिले. त्यांना मदत करणारी माणसे जीव धोक्यात घालून धान्य-भाजी आणत आणि सोबत ग्रंथालयातील पुस्तकेही. ॲन वाचत होती, रोजनिशी लिहीत होती, तिला एका काल्पनिक मैत्रिणीचे नाव देऊन तिच्याशी बोलत होती. त्या वहीने तिचे मन शाबूत ठेवले. पण अखेर पोलीस आले आणि १९४५च्या सुरुवातीस ती छळछावणीत मरण पावली. वही उरली, वडिलांनी ती १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. पुस्तक मनाचे घर होऊ शकते, भिंतींचे घर त्याला होता येत नाही. आणि माणसाला दोन्ही लागतात.

मराठीत बाबुराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेने साहित्यिक आश्रयाचा वेगळाच अर्थ दाखवला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या संग्रहातील ही कथा. परमुलखात नोकरीसाठी गेलेला दलित तरुण राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. बडोद्यातील प्रसंगाला तेव्हा जवळपास अर्धे शतक होत आले होते. या कथेत वाचकाला दिलासा मिळत नाही. पण ज्या अनुभवाला तोवर मराठी साहित्यात जागाच नव्हती, त्याला तिने छप्पर दिले. आपल्यावर गुदरलेले कोणीतरी लिहून ठेवले आहे, हे कळणे हाही एक आसराच असतो.

स्वतः डॉ. आंबेडकरांचे पुस्तकांशी असलेले नातेही असेच. बडोद्यात ज्यांना खोली मिळाली नाही, त्यांनी १९३०च्या दशकात मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' ही वास्तू उभारली, ती मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा मिळावी म्हणून.

नागपूरची सकाळ

आता नागपूरकडे परत येता येईल. १४ ऑक्टोबर १९५६च्या सकाळी महास्थवीर चंद्रमणी यांनी डॉ. आंबेडकरांना त्रिशरण आणि पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंच्या समुदायाला तीच दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. बौद्ध परंपरेत शरण जायचे ते बुद्धाला, धम्माला आणि संघाला. मार्ग दाखवणारा माणूस, तो मार्ग, आणि त्यावरून चालणाऱ्यांची सोबत, असा त्याचा अर्थ लावता येतो. शरणाला लागूनच पाच शीले येतात, म्हणजे आश्रय घेणाऱ्यावर त्याच क्षणी आचरणाची जबाबदारीही येते.

निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याचे मर्म सांगितले आहे. बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, असे ते म्हणतात. खुद्द बुद्धानेही अखेरच्या काळात आनंदाला दिलेला उपदेश, स्वतःच स्वतःचा आसरा व्हा, असाच होता. म्हणजे ज्याला शरण जायचे तोच सांगतो की माझ्यावर भार टाकू नका, स्वतःच्या पायांवर चाला. माकडाचे पिल्लू की मांजरीचे, या प्रश्नाला येथे तिसरेच उत्तर मिळते. पिल्लाने मोठे व्हायचे असते.

बडोद्याच्या धर्मशाळेत नाव लपवल्याशिवाय आत जाता येत नव्हते. नागपुरात लोक आपले नाव आणि आपला भूतकाळ न लपवता, उघड्या मैदानावर, एकमेकांच्या साक्षीने नव्या घरात गेले. अमरकोशातला 'शरण' या शब्दाचा जुना अर्थ त्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

बडोद्यातील ती बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते आणि बाबासाहेब जेथे बसले होते ते ठिकाण संकल्पभूमी म्हणून. तेथे माणसे श्रद्धेने जातात. मात्र मोठ्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्याला आजही आधी आडनाव विचारले जाते, मग धर्म, मग ताटात काय असते ते. आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रीला याहून बरेच काही. घरमालक आपल्या परीने सुग्रीवासारखाच विचार करत असतो, सावधगिरी म्हणून. दाराशी उभा असलेला माणूस तेवढ्यात पुढचा पत्ता शोधू लागतो. एखाद्याला तो सापडतो, एखादा आपले नाव बदलून सांगतो, आणि एखाद्याला परतीच्या गाडीची वाट पाहत बसावे लागते.